१,४२,८५७ : एक फिरती संख्या



सहा अंकी संख्या दिसली की आपल्याला भीती वाटते. पण मोठ्या संख्येतही पुष्कळ गंमत असते. आज मी १,४२,८५७ या संख्येची माहिती सांगते.

हिला २ ने गुणले तर २,८५,७१४ येतात. ३ ने ४,२८,५७१, ४ ने ५,७१,४२८, ५ ने ७,१४,२८५ आणि ६ ने ८,५७,१४२. नीट बघा. अंक तेच सहा आणि क्रमही तोच. फक्त ते गोल फिरतात. ७ ने गुणले की मात्र सगळे नऊच येतात : ९,९९,९९९!

ही जादू नाही, हा भागाकार आहे. १ ला ७ ने भागायचे. भाग जात नाही म्हणून १ वर शून्य घ्या. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चार वेळा, बाकी २. असे प्रत्येक बाकीवर शून्य घेत गेले की १, ४, २, ८, ५, ७ हे अंक मिळतात आणि बाकी परत १ उरते. मग पुन्हा तेच चक्र. १ च्या ऐवजी २ ला भागले, तर चक्र मधूनच सुरू होते : २, ८, ५, ७, १, ४. म्हणून दुप्पट केल्यावर तेच अंक येतात.

आता हिचे प्रकार. शेवटी ७ आहे म्हणून ही विषम संख्या. अंकांची बेरीज २७. हिला २७ ने पूर्ण भाग जातो, उत्तर ५,२९१. म्हणून ही मूळ संख्या नाही, संयुक्त आहे. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो त्या संख्येला हर्षद संख्या म्हणतात. हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे नाव द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते.

त्यांच्या नावाचीही कापरेकर संख्या आहे. जसे, ४५ × ४५ = २०२५ आणि २० + २५ = ४५. आपली संख्याही तशीच आहे. तिला तिनेच गुणले तर २०४०८१२२४४९ येतात. एवढा मोठा गुणाकार गुरुजींनी फळ्यावर करून दाखवला. त्याचे दोन तुकडे केले, २०४०८ आणि १२२४४९. त्यांची बेरीज आम्ही सगळ्यांनी वहीत केली. ती १४२८५७ च आली!

शाळा बघायला आलेल्या आईवडिलांना माझी विनंती आहे. मी सांगते म्हणून खरे मानू नका. ज्यांना ७ चा पाढा येतो त्यांना हा भागाकार जमतो. खडू घ्या आणि फळ्यावर करून बघा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी