ताट आपापले, दस्तरखान एक

तिसरा रोजा होता. तरावीहची नमाज घरीच आटोपून मी स्वयंपाकघर आवरत होते. कचऱ्याच्या डब्यात कागदी रुमालाचा एक बोळा दिसला. हाताला जड लागला म्हणून उघडून पाहिला, तर आत मटणाचे दोन तुकडे. चांगले शिजलेले, मसाला मुरलेले, पण दातही न लागलेले.

रमजानमध्ये टाकलेले अन्न पाहून जीव हळहळला. खरे सांगायचे तर रागही आला. रोजा असताना मिठाचीसुद्धा चव न घेता, नुसत्या अंदाजाने शिजवलेले ते सालन होते. घरात आम्ही पाच माणसे. सासूबाई, मिस्टर, मी, अकरावीतली मुलगी आणि धाकटा मुलगा. चौकशीला फार वेळ लागला नाही. मुलगी मान खाली घालून म्हणाली, ‘‘अम्मी, मला मटण नको वाटतं. मागच्या बकरी ईदपासूनच. रोज भाईच्या ताटात सरकवते. आज त्याचं पोट भरलं होतं.’’

मागच्या बकरी ईदला आणलेल्या बोकडाला पंधरा दिवस पाला घातला होता तो तिनेच. ती गप्प गप्प असायची, हे माझ्या लक्षात आले होते. पण चार दिवसांत विसरेल, असे मी धरून चालले होते.

सासूबाई म्हणाल्या, ‘‘मुसलमानाची पोर आणि मटण खात नाही? उद्या सासरी काय करशील?’’ मीही त्यात भर घातली. ‘‘कॉलेजात कुणाचं ऐकून आलीस?’’

तिने शांतपणे सांगितले, ‘‘कुणाचं नाही. मी कुठं हराम म्हणतेय? तुम्ही खा. शिजवायलाही मदत करते. फक्त मला खावंसं वाटत नाही.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. तसाच एक कागदाचा बोळा मी पूर्वी कुठे तरी पाहिला होता.

अंड्याची टरफले

सतरा वर्षांपूर्वी मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्यात भाड्याने घर शोधत होतो. आधी नाव विचारले जायचे, मग नोकरी, आणि मग जरा थांबून, ‘‘तुमच्यात नॉनव्हेज असतं ना?’’ तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथ्या ठिकाणी घर मिळाले, पण घरात मांसाहार शिजवायचा नाही या अटीवर. आम्ही हो म्हटले. अकरा महिन्यांच्या करारात मटण, मासे घरात आणले नाहीत. पण तेव्हा ही मुलगी पोटात होती आणि डॉक्टरांनी रोज एक अंडे खायला सांगितले होते. मी खिडकी लावून अंडे उकडायचे. टरफले वर्तमानपत्रात गुंडाळून मिस्टरांच्या ऑफिसच्या बॅगेत ठेवायचे. ते लांबच्या एका कचराकुंडीत टाकून यायचे.

दिलेला शब्द आम्ही मोडला, ही आमची चूकच. घरमालकाने अट आधी सांगितली होती, लपवली नव्हती. पण स्वतःच्या चुलीपाशी चोरासारखे उभे राहण्याची ती भावना मी कधी विसरले नाही. त्यावर अनेकदा बोललेही आहे. आम्ही काय खातो यावरून आमची पारख का करता, असे दहा जणांना विचारले आहे.

आणि ज्या पोरीसाठी मी अंड्याची टरफले लपवली, तीच पोर आता माझ्यापासून मटणाचे तुकडे लपवत होती. फरक एवढाच, की या वेळी घरमालकाच्या जागी मी होते.

परवानगी म्हणजे सक्ती नव्हे

मांस खाल्ल्याशिवाय मुसलमान होता येत नाही, असा समज आमच्या हिंदू शेजाऱ्यांमध्ये आहे. गंमत म्हणजे आमच्यातल्या अनेकांमध्येही तो आहे. इस्लाममध्ये हलाल पद्धतीने मिळवलेले मांस खाण्याची परवानगी आहे. नमाज आणि रोजा हे फर्ज, म्हणजे सक्तीचे आहेत. मांस खाणे फर्ज नाही. अल्लाहने हलाल ठरवलेली वस्तू स्वतःच्या मनाने हराम ठरवू नये, एवढे बंधन मात्र आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले तेव्हा तेही हेच म्हणाले. ‘‘पोरगी हराम म्हणत नाही ना? मग न खाण्यात गुनाह कसला?’’

बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही विश्वसनीय संग्रहांत एक प्रसंग आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्यासमोर एकदा भाजलेला वाळवंटी प्राणी वाढला गेला. हा प्राणी आपल्याकडच्या घोरपडीसारखा दिसतो. तो कोणता प्राणी आहे हे कळताच पैगंबरांनी हात मागे घेतला. शेजारी बसलेले हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले, हा हराम आहे का? पैगंबरांनी सांगितले की हराम नाही, पण आपल्या लोकांच्या मुलखात तो खाल्ला जात नाही, म्हणून आपल्याला तो रुचत नाही. मग हजरत खालिद यांनी ते ताट स्वतःकडे ओढले आणि पैगंबरांच्या देखत खाल्ले.

एकाने खाल्ले नाही, दुसऱ्याने खाल्ले आणि दस्तरखान एकच राहिला. न खाणाऱ्याने खाणाऱ्याला कमी लेखले नाही. खाणाऱ्यानेही ‘तुम्ही का खात नाही’ म्हणून आग्रह धरला नाही. पैगंबरांनी कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर बाजूला ठेवले, असेही हदीसमध्ये नोंदले आहे. इतके सोपे उदाहरण समोर असताना आम्ही मात्र मुलीला लोक काय म्हणतील याची भीती घालत होतो.

आपल्या देशातल्या सूफी परंपरेतही अशी माणसे होऊन गेली. ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती यांचे शिष्य सूफी हमीदुद्दीन नागौरी राजस्थानातल्या नागौर भागात छोटा जमिनीचा तुकडा कसून राहत. ते मांस खात नसत. खुद्द अजमेरच्या दर्ग्यात दोन प्रचंड देगा आहेत. मोठी अकबराने दिलेली, धाकटी जहांगीरने. त्यांत तांदूळ, साखर, तूप आणि सुका मेवा घालून गोड भात शिजतो. मांस त्यात घातले जात नाही, त्यामुळे दर्ग्यावर येणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाला तो तबर्रुक, म्हणजे प्रसाद, निःसंकोच घेता येतो.

एका घरातली दोन ताटे

आपल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. एकाच घरात थोरला भाऊ माळकरी असतो आणि धाकट्याला रविवारी तांबडा रस्सा लागतो. गळ्यात तुळशीची माळ पडली की त्याचे ताट वेगळे होते, घर वेगळे होत नाही. कुणी श्रावण पाळतो, कुणी फक्त सोमवार आणि चतुर्थी, तर कुणी मार्गशीर्षातले गुरुवार. गावच्या जत्रेत बोकड कापणारे घर आषाढी-कार्तिकीला साबुदाण्याची खिचडी खाते.

रजिस्ट्रार जनरल कार्यालयाने २०१४ मध्ये केलेल्या एसआरएस पायाभूत सर्वेक्षणात १५ वर्षांवरील लोकांच्या आहाराची नोंद आहे. त्यानुसार देशात साधारण ७१ टक्के लोक मांसाहारी आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण ६० टक्के, म्हणजे शाकाहारी ४० टक्के. ‘अमुक धर्म म्हणजे अमुक ताट’ हा हिशेब या आकड्यांत बसत नाही.

आणि इफ्तारचे ताट तरी डोळ्यांसमोर आणा. खजूर, कलिंगड, केळी, पपई, कांदाभजी, हरभऱ्याची उसळ आणि सरबत. रोजा सुटतो तो बहुतेक शाकाहारी ताटावरच. मटण, खिमा, बिर्याणी त्यानंतरच्या जेवणात. ईदचा शीरखुर्मा तर दूध, शेवया, खारीक, चारोळी यांचा.

मगरिबची वेळ

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. त्या जैन आहेत. सूर्य मावळल्यावर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. मगरिबची अजान होते तेव्हा आमचे ताट वाढलेले असते आणि त्यांचे उचललेले. त्यामुळे अक्कांना इफ्तारला बोलावता येत नाही. पण रमजान द्राक्षांच्या हंगामात आला की दुपारीच त्यांच्या तासगावकडच्या बागेतली द्राक्षे आमच्या घरी येतात. त्यांचाच बेदाणा माझ्या शीरखुर्म्यात पडतो.

सुरुवातीला असे नव्हते. पहिली दोन वर्षे अक्कांनी आमच्याकडचा शिजवलेला शीरखुर्मा घेतला नाही. सासूबाईंनी वाईट वाटून न घेता शेवया, खारीक, चारोळी, साखर असा कोरडा शिधा पाठवला. तिसऱ्या वर्षी त्यांनी एक पितळी पातेले वेगळे काढले. त्यात मांस कधी शिजले नाही आणि शिजणारही नाही, हे अक्कांना दाखवून सांगितले. त्या ईदला अक्कांनी शीरखुर्मा घेतला, आणि सूर्य मावळायच्या आत खाल्लाही.

पैगंबरांनी आपले सोबती हजरत अबू जर (रजि.) यांना सांगितले होते की रस्सा कराल तेव्हा पाणी थोडे जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. सासूबाईंनी त्याचा अर्थ असा लावला की शेजाऱ्याला पाठवायचे ते शेजाऱ्याला चालणारे हवे. नाही तर ती आठवण कसली!

कुरबुरी झाल्याच नाहीत असे नाही. आम्ही बांगडा तळला की अक्कांची खिडकी धाडकन बंद व्हायची. मला ते लागायचे. एकदा मीच विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, राग नाही. वास सोसत नाही, एवढंच.’’ मग आम्ही धूर बाहेर टाकणारा पंखा दुसऱ्या भिंतीला बसवून घेतला. काटे आणि हाडे बांधून टाकायची सवय लावली. एकदा त्यांच्या घरी मुनिमहाराजांच्या आहाराची तयारी होती. ‘तुम्ही काही शिजवू नका’ असे त्या म्हणाल्या नाहीत, फक्त महाराज येणार असल्याचे सांगितले. त्या दिवशी आमच्या घरी आमटी-भात झाला.

अक्कांच्या पाहुण्यांनी एकदा विचारले, ‘‘शेजारी असं शिजतं, तुम्हाला चालतं कसं?’’ अक्का म्हणाल्या, ‘‘माझ्या नाकाचं मी बघते, त्यांच्या चुलीचं ते बघतील.’’

आपणहून दिलेला मान

२०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. तेव्हा पंढरपुरासह राज्यातल्या अनेक गावांत मुस्लिम समाजाने आपणहून ठरवले की ईदची नमाज त्याच दिवशी पढायची, पण कुर्बानी नंतर करायची. कुर्बानी तीन दिवस करता येते, त्यामुळे धर्माचा नियमही मोडला नाही. त्या निर्णयाचे मोल होते, कारण तो मागून घेतलेला नव्हता, दिलेला होता. हीच गोष्ट धाक दाखवून करून घेतली असती, तर कुर्बानी पुढे गेली असती, पण मने जवळ आली नसती.

अहमदाबादेत पर्युषणाच्या काळात नऊ दिवस कत्तलखाना बंद ठेवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००८ च्या निकालात न्यायालयाने ती थोड्या दिवसांची बंदी ग्राह्य धरली. पण त्याच निकालात, माणूस काय खातो ही त्याची खासगी बाब आहे, असेही म्हटले. शेजाऱ्याच्या भावनेसाठी थोडे थांबावे आणि ताट ज्याचे त्याने ठरवावे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

रोजा हा स्वतःच्या तोंडाचा असतो, दुसऱ्याच्या नव्हे. माझ्या शाळेतल्या बाई रमजानमध्ये माझ्यासमोर डबा उघडायला संकोचतात. मी त्यांना सांगते, ‘‘खुशाल जेवा. उपवास माझा आहे.’’ मग हेच घरात मुलीला सांगायला मला इतका वेळ का लागला?

दुसऱ्या दिवशी सहरीला मी तिची माफी मागितली. आता सालनाच्या शेजारी एक लहान पातेले चढते. अन्न टाकायचे नाही आणि आवडनिवड लपवायची नाही, एवढेच दोन नियम केले. सासूबाईंना अजून पटलेले नाही. ‘‘नुसता रस्सा तरी घे,’’ असे त्या रोज म्हणतात. मुलगी हसून ‘‘नको दादी’’ म्हणते. परवा तिने मसुराची डाळ आणि वांगे केले होते. दादींनी एक शब्द न बोलता दोनदा वाढून घेतले.

या महिन्यात कुणाला इफ्तारला बोलावणार असाल, तर काय चालते ते आधी विचारा. कुणाकडे जाणार असाल, तर काय चालत नाही ते मोकळेपणाने सांगा. विचारण्यात कमीपणा नाही आणि सांगण्यात उद्धटपणा नाही. अल्लाह सर्वांच्या घरी बरकत देवो.

आमच्या कचऱ्याच्या डब्यात तो कागदाचा बोळा पुन्हा दिसलेला नाही.