हेडलाइट आणि फॉग लाइटचे बल्ब बदलताय? आधी हे वाचा

पावसाळा सुरू झाला की घाटातून रात्रीची गाडी चालवणं नकोसं वाटतं. काळा, ओला रस्ता सगळा प्रकाश पिऊन टाकतो, पांढरे पट्टे दिसेनासे होतात आणि समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांत घुसतात. दिल्ली, लखनौ, चंदीगडकडे राहणाऱ्यांना हाच त्रास डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात होतो. मग मनात येतं, ‘आपल्या गाडीचे दिवे जरा कमीच पडतात, चांगले बल्ब बसवून घेऊ या.’

अॅक्सेसरीजच्या दुकानात गेलात की पर्यायांचा ढीगच समोर येतो. ‘दुप्पट उजेड’, ‘दिवसासारखा प्रकाश’, ‘प्लग अँड प्ले एलईडी’. अर्ध्या तासात काम होतं आणि घरी येताना रस्ता खरोखर लख्ख वाटतो. पण या लख्ख प्रकाशात तुम्हाला दूरचं जास्त दिसतं का? आणि समोरच्या स्कूटरवर मुलांना घेऊन येणाऱ्या माणसाला काय दिसतं? बल्ब बदलण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत असायला हवीत.

बल्ब नाही, आधी काच बघा

प्रकाश कमी पडतोय याचा अर्थ बल्ब बदलायलाच हवा असा नाही. आधी या चार गोष्टी तपासा.

हेडलाइटची काच : आजकालच्या हेडलाइटची काच खरं तर पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे काही वर्षांत ती पिवळट आणि धुरकट होते. अशा काचेमागे कितीही भारी बल्ब लावला तरी प्रकाश विखुरतो आणि उलट समोरच्याचे डोळे दिपतात. बारीक पॉलिश पेपर आणि पॉलिशने ही काच पुन्हा स्वच्छ करता येते. मात्र त्यानंतर अतिनील किरणांपासून वाचवणारं कोटिंग करून घ्या, नाहीतर काही महिन्यांत ती पुन्हा पिवळी पडते.

वायरिंग : हॅलोजन बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळाला नाही तर त्याचा प्रकाश झपाट्याने घटतो. व्होल्टेज फक्त 5 टक्क्यांनी कमी झाला तरी प्रकाश सुमारे 15 टक्क्यांनी कमी होतो. गंजलेला अर्थिंगचा पॉइंट किंवा सैल कनेक्टर एवढं कारणही त्याला पुरतं.

बल्बचं वय : हॅलोजन बल्ब जुना झाला की तुटण्याआधीच मंद होत जातो. हा बदल इतका हळू होतो की तो लक्षातच येत नाही. तुमचे बल्ब कित्येक वर्षं जुने असतील, तर त्याच जातीची नवी जोडी लावूनही फरक जाणवेल.

दिव्याची दिशा : स्टेअरिंगजवळ 0 ते 3 आकडे असलेलं एक छोटं चाक असतं. मागे माणसं किंवा सामान भरलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि दिवेही वर जातात. ते खाली आणायला हे चाक असतं. अनेकांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं. गाडी रिकामी असताना ते 3 वर राहिलं असेल, तर प्रकाश तुमच्या गाडीच्या अगदी पुढ्यातच पडणार.

तुमच्या गाडीचा बल्ब कोणता?

बल्बवर आणि गाडीच्या पुस्तिकेत त्याचा नंबर दिलेला असतो. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत एच4 असतो. त्याच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परसाठी 60 वॅटची आणि डिपरसाठी 55 वॅटची. काही गाड्यांत दोन्हींसाठी वेगळे बल्ब असतात, तिथे 55 वॅटचा एच7 सापडतो. फॉग लाइटमध्ये 55 वॅटचा एच11, 35 वॅटचा एच8 किंवा अवघ्या 19 वॅटचा एच16 असू शकतो. दिसायला हे सारखे वाटले तरी एकाच्या जागी दुसरा ठोकून बसवू नका. 19 वॅटसाठी बनवलेल्या फॉग लाइटमध्ये 55 वॅटचा बल्ब बसवला तर उष्णतेने आतला रिफ्लेक्टर आणि काच खराब होऊ शकते.

पर्याय पहिला : जास्त वॅटचा हॅलोजन

दुकानात 100/90 वॅटचे एच4 बल्ब सर्रास मिळतात. हिशोब सोपा आहे. 12 व्होल्टवर 55 वॅटचा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर करंट ओढतो, तर 100 वॅटचा आठ अँपिअरहून जास्त. करंट दुप्पट झाला की वायरमध्ये तयार होणारी उष्णता चौपट होते. गाडीची मूळ वायरिंग, स्विच आणि होल्डर एवढा भार गृहीत धरून बनवलेले नसतात. मग होल्डर वितळतो, वायर जळते आणि कधी आगही लागू शकते. वेगळा रिले आणि जाड वायर टाकली तर वायरिंग वाचेल, पण रिफ्लेक्टरवर येणारी उष्णता आणि समोरच्याच्या डोळ्यांना होणारा त्रास तसाच राहील. हा पर्याय सोडूनच द्या.

पर्याय दुसरा : त्याच वॅटचा, पण सुधारित हॅलोजन

नामांकित कंपन्या त्याच 60/55 वॅटमध्ये जास्त प्रकाश देणारे बल्ब बनवतात. खोक्यावर ‘+100’ किंवा ‘+130’ टक्के असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ सगळीकडे दुप्पट उजेड असा नाही. रस्त्यावरच्या ठरावीक बिंदूंवर, किमान मानकाच्या तुलनेत मोजलेला तो आकडा असतो. तरीही फरक जाणवतो. वायरिंग बदलावी लागत नाही, प्रकाशाचा आकार बिघडत नाही आणि रिफ्लेक्टरलाही धोका नसतो. तोटा एकच, या बल्बचं आयुष्य साध्या बल्बपेक्षा कमी असतं. बहुतेक कुटुंबांच्या गाडीसाठी हाच सगळ्यात शहाणा पर्याय आहे.

निळसर काचेचे ‘सुपर व्हाइट’ हॅलोजन मात्र टाळा. त्यांच्या काचेवरचा निळा थर प्रकाशाचा काही भाग अडवतो. दिवा पांढराशुभ्र दिसतो, पण रस्ता जास्त दिसत नाही.

पर्याय तिसरा : एलईडी आणि एचआयडी

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कंपनीतूनच एलईडी दिवे घेऊन येणाऱ्या गाड्या उत्तम असतात, कारण त्यांचा संपूर्ण दिवाच एलईडीसाठी बनवलेला असतो. प्रश्न येतो तो हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब खुपसल्यावर.

हॅलोजनची तार एका ठरावीक जागी असते आणि रिफ्लेक्टरची प्रत्येक वळी त्या जागेचा विचार करून घडवलेली असते. एच4 बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. वर जाऊ पाहणारा प्रकाश ती अडवते. म्हणूनच डिपर लावल्यावर भिंतीवर प्रकाशाची एक स्पष्ट वरची कड दिसते. एलईडीची चिप तारेपेक्षा जाड असली किंवा एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे झाली की ही कड पुसली जाते. प्रकाश वर, झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

चालकाला मात्र वाटतं की दिवे जबरदस्त झाले. कारण गाडीच्या पुढ्यातला रस्ता झगमगतो. पण जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांची बाहुली आकसते आणि दूरच्या अंधारातलं उलट कमी दिसतं. ‘लख्ख वाटणं’ आणि ‘दूरचं दिसणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जर्मनीमध्ये 2020 मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एका एलईडी बल्बला पहिल्यांदा रस्त्यावर वापरायची मान्यता मिळाली, तीही सरसकट नाही. ज्या गाड्यांच्या दिव्यांत तो तपासला गेला, त्याच मॉडेलसाठी ती होती. म्हणजे बल्ब चांगला असणं पुरेसं नाही, तो तुमच्याच दिव्यात नीट बसायला हवा.

हॅलोजन रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी किट बसवणं तर त्याहून वाईट. समोरच्याला क्षणभर काहीच दिसत नाही. वय वाढेल तसं डोळे दिपल्यानंतर सावरायला जास्त वेळ लागतो. समोरून तुमच्याच वडिलांच्या वयाचं कोणी गाडी चालवत येत असेल, तर ते दोन-तीन सेकंद जवळजवळ आंधळेपणाने काढतात. 60 च्या वेगात तीन सेकंदांत गाडी 50 मीटर पुढे जाते.

फॉग लाइट : पिवळा की पांढरा?

पिवळा प्रकाश धुकं भेदून जातो असं आपण लहानपणापासून ऐकतो. फ्रान्समध्ये तर 1993 पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट असायचे. पण धुक्यातले पाण्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे ते सगळ्याच रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. पिवळा प्रकाश धुक्यातून जास्त आरपार जात नाही. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा तो डोळ्यांना कमी बोचतो आणि त्यामुळे आराम वाटतो, इतकाच त्याचा फायदा.

फॉग लाइटची खरी ताकद त्याच्या जागेत आहे. तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा प्रकाश रुंद, चपटा पडतो. त्यामुळे डोळ्यांसमोरचं धुकं न उजळता रस्त्याच्या कडा दिसतात. त्यात प्रखर एलईडी टाकून प्रकाश वर उडवला की फॉग लाइटचा उपयोगच संपतो. हवा असेल तर त्याच वॅटचा पिवळसर हॅलोजन लावा आणि दिव्याचं तोंड किंचित खाली ठेवा.

धुक्यात अप्पर कधीच लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि फॉग लाइट ही जोडी वापरा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवू नका, त्यामुळे तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. आणि धुकं-पाऊस ओसरला की फॉग लाइट बंद करा, विशेषतः मागचा लाल फॉग लाइट.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये अशा बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गाडीच्या पुढे लाल दिवा तर चालतच नाही. शिवाय वायर कापून किट बसवलं, तर कंपनी इलेक्ट्रिकल भागांची वॉरंटी नाकारू शकते. त्याच नंबरचा, त्याच वॅटचा बल्ब लावला तर यातली कुठलीच भीती नाही.

स्कूटर-बाइकवाल्यांनो, तुम्हीही

बऱ्याच दुचाकींमध्ये 35/35 वॅटचा एचएस1 बल्ब असतो. त्याच्या जागी 60/55 वॅटचा एच4 बसवायचा मोह होतो, पण दुचाकीची वीज तयार करणारी कॉइल तेवढा भार पेलू शकत नाही. बॅटरी उतरत जाते. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे हा भार दिवसरात्र पडतो. जुन्या दुचाकींमध्ये हेडलाइट थेट एसी करंटवर चालतो. तिथे साधा एलईडी बल्ब लुकलुकतो.

बल्ब बदलताना

* दोन्ही बाजूंचे बल्ब एकत्रच बदला. एक नवा, एक जुना असला की प्रकाश असमान पडतो.
* इंजिन बंद करून दिवा थंड होऊ द्या.
* हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर फुटतो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा.
* मागचं रबराचं झाकण घट्ट बसवा, नाहीतर आत वाफ धरते. एलईडीच्या पंख्यामुळे झाकण बसत नाही म्हणून ते कापू देऊ नका.
* संपूर्ण दिवाच बदलत असाल तर तो डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशासाठीचा आहे ना, हे पाहा. आपल्या डिपरचा प्रकाश डावीकडे थोडा वर जातो. उजव्या वाहतुकीच्या देशातला दिवा तोच प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत टाकेल.

नंतर ही चाचणी कराच. सपाट जागेवर भिंतीपासून 25 फुटांवर गाडी उभी करा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपर लावल्यावर प्रकाशाची वरची कड त्या रेषेच्या दोन-तीन इंच खाली, स्पष्ट दिसायला हवी. कड रेषेच्या वर गेली तर मेकॅनिककडून स्क्रू फिरवून ती खाली आणून घ्या. बल्ब बरोबर बसवूनही कड पुसट, पसरलेली दिसली, तर तो बल्ब तुमच्या दिव्यासाठी नाही. तो परत करा.

शेवटी वेगाचा हिशोब

डिपरमध्ये साधारण 50-60 मीटरपर्यंतचं नीट दिसतं. 60 च्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, काहीतरी दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुमारे 45 मीटर जातात. 80 च्या वेगात हेच अंतर 65-70 मीटर होतं, म्हणजे दिसतं त्यापलीकडे. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं. चांगला बल्ब यात काही मीटरची भर घालतो. ती भर वेग वाढवण्यात खर्च करायची नसते, हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा.

या रविवारी एवढंच करा. काच पुसा, ते छोटं चाक पाहा आणि संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. बल्ब घ्यायचा की नाही, हे त्यानंतर ठरवा.