छातीतली जळजळ आणि जठरातला जिवाणू

औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, तरी ‘पित्ताची गोळी द्या’ ही मागणी कानावर पडतेच. मागणाऱ्यांपैकी कुणाला जेवणानंतर छातीत जळजळत असतं, कुणाच्या पोटात उपाशीपोटी कळ येत असते, कुणाला कालपासून जुलाब आणि मळमळ असते. बहुतेकांच्या हाती पडते ती एकच गोळी, सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची. काहींना बरं वाटतं, काहींना वाटत नाही आणि काहींचा खरा आजार त्या गोळीखाली महिनोन्‌महिने झाकून राहतो. ‘आम्ल वाढलं, म्हणून हे सगळं झालं’ हे उत्तर इतकं सोयीचं आहे, की दुखणं नेमकं कोणतं हे विचारायचं राहूनच जातं.

गैरसमज : पोटात ॲसिड जास्त झालं की छातीत जळजळ होते

जळजळ होणाऱ्या बहुतेकांच्या जठरात आम्ल इतरांइतकंच तयार होतं. फरक पडतो तो ते कुठे पोचतं यात. निरोगी माणसाचं जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाचक रस बनवतं आणि उपाशीपोटी त्याचा सामू दीड ते साडेतीनच्या आसपास असतो. एवढं तीव्र आम्ल अन्नातल्या प्रथिनांचं पचन सुरू करतं आणि अन्नपाण्यातून आलेले कितीतरी जंतू मारतं. जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा थर असतो, म्हणून ते स्वतः भाजत नाही. अन्ननलिकेला मात्र असं संरक्षण नसतं.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे एक गोल स्नायू झडपेचं काम करतो. घास खाली उतरताना तो सैलावतो आणि मग पुन्हा आवळला जातो. तो नको तेव्हा सैल पडला, की आम्ल वर चढतं, छातीच्या मधल्या हाडामागे आग होते, घशाशी आंबट येतं. झडप सैल पडण्याची कारणं ओळखीचीच आहेत : एकदम पोटभर जेवणं, पोटाचा वाढलेला घेर, गरोदरपणातला वाढता दाब आणि संप्रेरकं, मद्य, सिगारेट. धूर नसलेला तंबाखूही यातून सुटत नाही, कारण झडप सैल करतं ते निकोटीन. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या बाईला छातीतल्या जळजळीबद्दल डॉक्टर सहसा चहाविषयी विचारतात. मिश्रीविषयीही विचारायला हवं आणि तिनंही ते मोकळेपणानं सांगायला हवं. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातून छातीत सरकलेला असतो. अशांचा त्रास नुसत्या पथ्यानं पूर्ण जात नाही.

कारण यांत्रिक आहे हे कळलं, की उपायांचा अर्थ लागतो. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवायचं, कारण आडवं झालं की वर चढणारं आम्ल खाली खेचायला गुरुत्वाकर्षण उरत नाही. डाव्या कुशीवर झोपलं तर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीला राहतं. रात्री त्रास होत असेल तर खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे ठेवावेत. दोन-तीन उशा घेऊन भागत नाही, कारण त्यानं कंबरेत वाक येतो आणि पोटावर उलट दाब पडतो. आणि जाड माणसानं वजन उतरवलं तर मिळणारा आराम कोणत्याही गोळीच्या तोडीचा असतो, फक्त त्याला वेळ लागतो.

गैरसमज : तिखटानं अल्सर होतो आणि दुधानं बरा होतो

मिरचीनं अल्सर होत नाही. आधीच जळजळणाऱ्या अन्ननलिकेवरून किंवा जखमेवरून झणझणीत रस्सा गेला तर आग होईल हे खरं, पण जखम त्या रश्श्यानं केलेली नसते. तळलेलं, चॉकलेट, कॉफी, रिकाम्या पोटी घेतलेला चहा यांपैकी काय कुणाला बाधतं हे माणसागणिक बदलतं. म्हणून दोन आठवडे खाल्लेलं आणि झालेला त्रास लिहून ठेवावा आणि जे खरंच बाधतं तेवढंच सोडावं. सरसकट पंधरा पदार्थ बंद करून वर्षानुवर्षं वरणभातावर राहणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांना त्याची गरज नसते.

थंड दुधानं तात्पुरतं बरं वाटतं यात शंका नाही. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला नव्यानं आम्ल सोडायला लावतात, त्यामुळे तासा-दोन तासांनी दुखणं परत येऊ शकतं. पाण्यात फसफसणाऱ्या सोड्याच्या पुड्यांचाही परिणाम असाच थोड्या वेळाचा. त्यात सोडियम बरंच असतं, तेव्हा रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तो रोजचा करू नये.

गैरसमज : छातीत दुखतंय म्हणजे गॅस झालाय

हा गैरसमज जीव घेतो. हृदयविकाराच्या झटक्यात पुष्कळदा तीव्र कळ नसतेच. छातीत जडपणा, आवळल्यासारखं वाटणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ, ढेकर असं काहीही असू शकतं, आणि मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात लक्षणं आणखी फसवी असतात. दरदरून घाम, धाप, कळ जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे जाणं, जिना चढताना दुखणं वाढणं आणि थांबल्यावर कमी होणं ही चिन्हं दिसली तर ओवा आणि सोडा बाजूला ठेवून लगेच ईसीजी काढता येईल अशा ठिकाणी पोचावं. सोडा घेऊन ढेकर आली आणि बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. ईसीजी चांगला निघाला तर फार तर एक रात्र वाया जाईल. ती जाऊ द्यावी.

गैरसमज : पित्ताची गोळी निरुपद्रवी आहे, कितीही दिवस घ्या

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधं जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पंपांवर काम करतात. पंप जेवणाच्या वेळी चालू होतात, त्यामुळे गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. जेवणानंतर घेऊन ‘गुण येत नाही’ म्हणणारे खूप भेटतात. जळजळ सुरू झाल्यावर एक गोळी घेऊन पंधरा मिनिटांत आराम पडेल, ही अपेक्षाही या औषधाकडून करू नये. पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात.

ठरलेल्या मुदतीपुरती ही औषधं सुरक्षित आहेत आणि अन्ननलिकेच्या जखमा त्यांनी भरून येतात. अडचण सुरू होते ती मुदत संपल्यावर. २००९ साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात जळजळीचा काहीही त्रास नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे अशी गोळी दिली आणि मग थांबवली. पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना जळजळ, घशाशी येणं किंवा अपचन असा त्रास झाला. नुसती बिनऔषधी गोळी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं. दाबून ठेवलेलं जठर औषध सुटल्यावर जास्त आम्ल सोडतं. त्रास परतला की माणसाला वाटतं, आपला आजार अजून आहे, आणि गोळी पुन्हा सुरू होते. म्हणून दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम न तोडता डॉक्टरांच्या सल्ल्यानं टप्प्याटप्प्यानं कमी करावी आणि मधले काही आठवडे नेट धरावा.

वर्षानुवर्षं घेतल्यास जीवनसत्त्व बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं. बी-१२ आधीच कमी असलेल्या शाकाहारी माणसांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. आम्ल कमी झालं की जंतूंना आतड्यापर्यंतची वाटही सोपी होते. पण हे वाचून घाबरून गोळी सोडू नका. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या वृद्धांना किंवा अन्ननलिकेला मोठी इजा झालेल्यांना ती दीर्घकाळ लागते, आणि त्यांच्या बाबतीत ती बंद करण्यातच धोका असतो.

गैरसमज : अल्सर होतो तो काळजीनं आणि अवेळी खाण्यानं

एके काळी डॉक्टरही हेच सांगत. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वाकडे जिवाणू दिसले. एवढ्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. १९८१ पासून बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करू लागला. जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि पाचव्या दिवशी वसाहती दिसल्या. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू मुळात सावकाश वाढणारा निघाला. तरीही अल्सर या जिवाणूमुळे होतो यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. १९८४ मध्ये मार्शलनं त्याचं द्रावण स्वतः प्यायलं. काही दिवसांत त्याला मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीतून जठराला आलेली सूज दिसली. अल्सर त्याला झाला नव्हता, पण निरोगी जठर हा जिवाणू बिघडवू शकतो हे दिसलं. दोघांना २००५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा जिवाणू युरियापासून अमोनिया बनवतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल निष्प्रभ करून श्लेष्म्याच्या थरात घर करतो. तो बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून आणि दाटीवाटीच्या, अस्वच्छ परिस्थितीत येतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो सापडतो आणि त्यांतल्या बहुसंख्यांना आयुष्यभर काहीच होत नाही. थोड्यांना अल्सर होतो आणि त्याहून थोड्यांना जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ साली त्याला कर्करोगकारक म्हणून नोंदवलं आहे.

इथे दोन गोष्टी मनात पक्क्या कराव्यात. छातीतली जळजळ या जिवाणूमुळे होत नाही, तेव्हा तो मारला म्हणून जळजळ जाईलच असं नाही. आणि पाणीपुरी खाऊन झालेले जुलाब-उलट्या, ज्याला आपण ‘पोटाचं इन्फेक्शन’ म्हणतो, ते बहुतेक वेळा आतड्यातल्या विषाणूंचं किंवा वेगळ्या जिवाणूंचं काम असतं. तिथे पित्ताच्या गोळीनं किंवा मनानं घेतलेल्या प्रतिजैविकानं काही साधत नाही, पाणी आणि क्षार भरून काढावे लागतात. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावं. चमचा चहाचा घ्यावा.

गैरसमज : जेवणानंतर घेतली तर वेदनाशामक गोळी बाधत नाही

अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारखी औषधं. जठराचं अस्तर राखणाऱ्या द्रव्यांची निर्मिती ती रक्तातून जाऊन रोखतात. पोट भरलेलं असलं किंवा औषध सुईवाटे घेतलं, तरी ही इजा टळत नाही. कंबर धरली म्हणून रोज एक गोळी घेणाऱ्या साठीच्या माणसाला पोटदुखीची कोणतीही सूचना न मिळता थेट रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच ही त्याची खूण. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण शंका असेल तर तपासून घ्यावं. रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना उतरणारं वजन, न थांबणारी उलटी, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर एंडोस्कोपी पुढे ढकलू नये.

गैरसमज : रक्ततपासणीत ‘पायलोरी’ आला, गोळ्या घेतल्या, संपलं

रक्तातली प्रतिपिंडं जिवाणू गेल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. आज संसर्ग आहे का, हे श्वासाच्या युरिया चाचणीतून, शौचातल्या प्रतिजन चाचणीतून किंवा एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यावरून कळतं. उपचार साधारण चौदा दिवसांचा असतो : आम्ल कमी करणारं औषध दिवसातून दोनदा आणि सोबत दोन प्रतिजैविकं, कधी बिस्मथही. रोजच्या गोळ्या खूप, तोंडाला कडवट चव आणि मळमळ, त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटलं की पुष्कळजण थांबतात. उरलेले जिवाणू मग औषधाला दाद देईनासे होतात. भारतात मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांना न जुमानणारे जिवाणू आधीच बरेच आहेत, त्यामुळे शेजाऱ्याची जुनी चिठ्ठी दाखवून तीच औषधं आणण्यात अर्थ नाही.

औषधं पूर्ण झाल्यावर निदान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुन्हा करावी. त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. ही गोष्ट चाचणीची वेळ ठरवतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण प्रयोगशाळेत ती कुणी सांगेलच असं नाही.