दुसरा गिअर ‘कर्रर्र’ का करतो?

जुनी, पळणारी गाडी घेतलीत? अभिनंदन! आता इंजिन ऑईलइतकीच चौकशी गिअरबॉक्सच्या ऑईलचीही करा. ‘जाड ते चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही.

सकाळचे सात. गाडी थंडगार. पहिल्यावरून दुसरा टाकायला जावं आणि खालून आवाज यावा, कर्रर्र! सिग्नलवरचे लोक वळून बघतात आणि आपण उगाचच क्लचकडे बघतो. जुनी मॅन्युअल गाडी चालवत असाल तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल.

माझ्या आतेभावाने, दादाने, पहिल्या नोकरीतले पैसे साठवून २००१ची होंडा सिटी व्हीटेक घेतली. कागदोपत्री ती सेडान. पण २००० साली आलेल्या या गाडीचं इंजिन शंभराच्या वर अश्वशक्ती द्यायचं. त्यामुळे आजही कित्येकांसाठी ती आपल्या रस्त्यावरची खरी स्पोर्ट्स कार आहे. गाडी घरी येताच दादा गॅरेजमध्ये गेला आणि म्हणाला, “काका, सगळी ऑईलं बदलून टाका.” काकांनी गिअरबॉक्समध्ये ‘नव्वद नंबर’ भरलं. आठवड्याभरात दुसरा गिअर अडायला लागला. मग एकाने सांगितलं, “गिअरबॉक्स उघडावा लागेल.” दादाचा चेहरा उतरला. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे पार्टसाठी जुन्या बाजारात चकरा आल्या. तेवढे पैसे त्याच्याकडे उरलेच नव्हते.

गिअरबॉक्समध्ये नक्की चालतं काय?

चालत्या पीएमटीमागे धावत जाऊन चढणारा माणूस आठवा (बघा फक्त, करू नका!). आधी तो बसच्या वेगाने धावतो, मगच दांडा पकडतो. गिअरबॉक्समध्ये हे काम सिंक्रो रिंग करते. ही रिंग बऱ्याचदा पितळेची असते. गिअर टाकताना ती शंकूसारख्या भागावर दाबली जाते, घासते आणि दोन्हींचा वेग जुळवते. वेग जुळला की गिअर ‘टक्’ बसतो, नाहीतर कर्रर्र.

खरी मेख इथेच आहे. ऑईल म्हणजे निसरडेपणा, असं आपण धरून चालतो. पण सिंक्रोला थोडं घर्षण हवंच असतं. ऑईल फार जाड असेल तर रिंग आणि शंकूच्या मधून ते वेळेत बाजूला होत नाही. फार निसरडं असेल तर रिंगची पकडच बसत नाही. म्हणजे गिअरच्या दात्यांना वाचवणारं आणि रिंगला पकड देणारं, असं दोन्ही करणारं ऑईल लागतं.

डब्यावरचे आकडे

७५डब्ल्यू-९० मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा आणि दुसरा गरम झाल्यावरच्या जाडीचा. हे आकडे इंजिन ऑईलच्या आकड्यांशी थेट ताडून बघू नका, दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर ऑईलचं ९० हे जाडीला साधारण इंजिन ऑईलच्या ४० किंवा ५० इतकंच असतं.

दुसरी खूण म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५. चारपेक्षा पाच मोठा, म्हणून पाच भारी? तसं नाही. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. सुमो, बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मागच्या ॲक्सलमध्ये हायपॉइड गिअर असतात. त्यांचे दाते एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना ही रसायनं लागतातच. पण यातली काही रसायनं गरम झाल्यावर पितळेला खातात, शिवाय सिंक्रोची पकडही ढिली करतात. म्हणून कंपनीने जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ टाकू नका. उलट, काही गाड्यांच्या गिअरबॉक्सला कंपनीनेच जीएल-५ चालतं म्हटलेलं असतं. तिथे घाबरायचं कारण नाही.

सिटीसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात असतात, ऑईलही एकच. तिथे हायपॉइड गिअर नसतातच. होंडाने या गिअरबॉक्ससाठी स्वतःचं पातळ एमटीएफ ठरवलेलं आहे. ते मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑईल चालेल, असं त्या काळच्या अनेक होंडा गाड्यांच्या पुस्तिकेत छापलेलं असायचं. इंजिन ऑईल! आणि दादाच्या गाडीत होतं नव्वद नंबर.

बदलताना हे बघा

• आधी गाडीची पुस्तिका वाचा. जीएलचा आकडा, जाडी आणि किती लिटर लागतं, हे तिघंही तिथे असतं.
• ऑईल भरायचा बोल्ट आधी उघडून बघा. जुन्या गाडीत तो गंजून बसलेला असतो. खालून ऑईल सोडलं आणि वरचा बोल्ट उघडलाच नाही, तर गाडी जागेवरच उभी!
• थोडी चालवून आणा आणि सपाट जागेवर लावा. कोमट ऑईल नीट निथळतं.
• ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा दिसला तर ती नेहमीची झीज. धातूचे तुकडे किंवा ऑईलमध्ये सोनेरी चमक दिसली तर आत नेहमीपेक्षा जास्त झीज झाली आहे असं समजा.
• बोल्टचा वॉशर नवा टाका.
• जुनं ऑईल गटारात ओतू नका. गॅरेजमधल्या वापरलेल्या ऑईलच्या पिंपात जाऊ द्या.

आणि एक, गिअर अडतोय म्हणजे दोष ऑईलचाच असं नाही. क्लच पूर्ण सुटत नसेल तरीही हाच आवाज येतो. रिव्हर्सही कर्रर्र करत असेल तर आधी क्लच तपासा.

दादाने नव्वद नंबर काढून एमटीएफ भरलं. दोन-तीन दिवसांत दुसरा गिअर सुटसुटीत पडायला लागला. घाईत टाकला तर अजूनही थोडा कुरकुरतो, कारण आधीच झिजलेली रिंग कुठलंही ऑईल भरून देत नाही. पण गिअरबॉक्स उघडायची वेळ टळली.

काकांवर मात्र दादाचा राग नाही. त्यांनी आयुष्यभर जीप आणि सुमो सांभाळल्या, तिथे नव्वद नंबरच लागायचं. परवा आम्ही पुन्हा गेलो तेव्हा बॉनेट उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, “पुस्तक आणलंस का रे?”