सप्तपदीला अडकलेली डीव्हीडी

घरातली यंत्रं : भाग ११

मागच्या आठवड्यात कॅसेटची सुटलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळून झाली. आज तबकडी. आणि तबकडी म्हटलं की तिच्या मुळावर आलेलं डाउनलोडही आलंच.

निमित्त आत्याचं. नाशिकला तिच्याकडे गेले होते, तर तिनं लोखंडी कपाटातून चेनचं एक काळं पाऊच काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तू यंत्रांवर लिहितेस ना, मग हे बघ. तुझ्या दादाच्या लग्नाची डीव्हीडी. मंगलाष्टकं होतात, कन्यादान होतं, सप्तपदीला दोन पावलं टाकली की नवरानवरी तिथंच उभे!" लग्न २००६ सालचं. स्टुडिओवाल्यानं तबकडीवर मार्करनं दोघांची नावं आणि तारीख लिहून दिलेली. उलटी केली की जांभळट झाक. ओरखडा म्हणाल तर एकही नाही, कारण वर्षातून एकदाच, लग्नाच्या वाढदिवसाला ती बाहेर निघायची. त्याच पाऊचमध्ये काकांनी नव्वदच्या दशकात घेतलेली नाट्यगीतांची सीडी होती. तिच्या पाठीची पार चाळण झालेली. ती मात्र पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत खणखणीत वाजली.

"जुनी वाजते, नवी नाही. जपलेली मेली आणि हेळसांड झालेली जगली. असं कसं गं?" आत्याचा प्रश्न रास्त होता.

दोन्ही तबकड्या दिसायला सारख्या, पण जात वेगळी. दुकानातून विकत घेतलेली सीडी साच्यातून पाडलेली असते. तापवून मऊ केलेलं पॉलिकार्बोनेट साच्यात दाबलं की त्यावर सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रेघ उमटते. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेसारखं आवरण, त्यावर छपाई. लेसरचा किरण खालून येतो आणि सपाट जागेवरून वेगळा, खळग्याच्या कडेवरून वेगळा परततो. एवढ्यावरच सगळं संगीत उभं आहे. ही रेघ उलगडली तर पाच किलोमीटरहून जास्त भरते.

घरी किंवा स्टुडिओत 'राइट' केलेल्या तबकडीत मात्र खळगे नसतातच. तिच्यात एका सेंद्रिय रंगाचा थर असतो. लिहिणारा लेसर त्या रंगाला जागोजागी चटका देतो आणि वाचणारा लेसर ते डाग वाचतो. आत्याला मी सांगितलं की एक दगडावर कोरलेलं नाव आहे आणि दुसरं मेंदीनं हातावर काढलेलं. मेंदी उडते. उन्हानं, उष्णतेनं, दमटपणानं, नुसत्या वयानंही. डीव्हीडी मधल्या भोकाकडून कडेकडे वाचली जाते आणि थर बहुधा कडेकडूनच आधी बिघडतो. हवा आणि दमटपणा शिरतो तो तिथूनच. म्हणून मंगलाष्टकं शाबूत आणि सप्तपदी गारद.

आता ओरखड्यांचं. सीडी फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून बनवली आणि तिचा पहिला प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये विक्रीला आला. तबकडीवर ओरखडे पडणार, बोटं लागणार हे बनवणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. म्हणून गाण्याचे आकडे एका ओळीत सलग लिहिलेले नसतात. ते पिसून, विखरून लिहिलेले असतात आणि सोबत पडताळ्याचे जादा आकडे असतात. रीड-सॉलोमन नावाचं ते गणित. ओरखड्यानं एका जागचे आकडे गेले, तरी दूरदूरच्या आकड्यांवरून यंत्र ते पुन्हा मांडून काढतं. रेघेवरचा अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुकडा गायब झाला तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

यातून एक घरगुती नियम निघतो, आणि तो आपण सगळ्यांनी जन्मभर मोडला. सीडी अडकली की काढायची, तोंडाची वाफ मारायची आणि शर्टाच्या टोकानं गोल गोल पुसायची. गोल पुसताना पडलेला ओरखडा रेघेच्या दिशेनं लांबत जातो, म्हणजे सलग आकडे खातो. मधून कडेकडे, सरळ पुसलं तर तोच ओरखडा प्रत्येक फेऱ्यात रेघेला एकदाच छेदतो; तेवढं यंत्र भागवून नेतं. दुसरं असं की सीडीची नाजूक बाजू चमकणारी नाही, छापलेली आहे. खाली १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक आहे, वर धातू आणि बोट यांच्यामध्ये फक्त तो लाखेचा पापुद्रा. आपण मात्र चमकती बाजू वर करून सीड्या टेबलावर ठेवत आलो! डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून तिथं ही भीती कमी.

सीडीच्या आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. हा आकडा इतका अडनिडा का, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. सुरुवातीला अंकीय आवाज साठवायला सोयीचं माध्यम म्हणजे व्हिडिओ टेप. चित्राच्या एकेका ओळीत तीन नमुने बसवायचे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत वापरता येणाऱ्या २९४ ओळी, सेकंदाला ५० वेळा. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ ओळी, ६० वेळा. दोन्ही गुणाकार करून बघा, उत्तर एकच येतं. टेप कधीच गेली, आकडा राहिला.

हे नमुने कच्चेच ठेवले तर पाच मिनिटांचं गाणं सुमारे ५३ एमबी होतं. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच पाच एमबीच्या आत बसतं. बाकीचं गेलं कुठं? ढोल-ताशा पथक दारावरून चाललंय आणि मनगटातलं घड्याळ टिकटिकतंय, अशी कल्पना करा. टिकटिक आहे, पण ऐकू येत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी ही दुर्बलता हेरली. जे कानाला कळणारच नाही ते साठवायचं कशाला? एमपीथ्री ती टिकटिक टाकून देते. आकार अकरावा हिस्सा होतो आणि एका सीडीत पंधरा-सोळाऐवजी दीडशेच्या आसपास गाणी मावतात. रेल्वे स्टेशनबाहेर प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळणाऱ्या '१५० सुपरहिट' सीडीचा हिशेब हाच.

सिनेमाचं आपल्याकडे आधी व्हीसीडीवर भागलं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका तबकडीत ७४ मिनिटं. म्हणजे हिंदी सिनेमाला दोन, कधी तीन तबकड्या, आणि सिनेमा ऐन भरात आला की घरातल्या धाकट्यानं उठायचं. आमच्या गल्लीतल्या लायब्ररीत दिवसाला दहा रुपये भाडं होतं आणि दुसरी सीडी नेहमी 'बाहेर गेलेली' असायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा कुठे अधिकृत तबकडी फुटपाथवरच्या नकलेच्या भावाजवळ आली. सगळ्यांना परवडू लागली आणि पाच-सात वर्षांत मोबाइलचा डेटा आला. मुंबईत काळा घोडा इथलं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं.

इथवर गोष्ट सोपी वाटते : तबकडी गेली, डाउनलोड आलं. पण 'डाउनलोड' या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि मला वाटतं घोळ तिथंच आहे.

एक म्हणजे फाइल. ती तुमच्या संगणकावर येते, तिची प्रत निघते, ती पेन ड्राइव्हवर जाते, दुकान बंद पडलं तरी वाजते. फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. सहा रुपयांपासून गाणं, एमपीथ्रीत, कुलूप नसलेलं. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. फुकटात मिळणाऱ्या गाण्यांपुढे सहा रुपयेही टिकले नाहीत. पण तिथून गाणं उतरवून घेऊन ज्यानं नीट जपलं, त्याचं गाणं आजही त्याच्याकडे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे परवानगी. ॲपमध्ये 'विकत घ्या' असं बटण असतं, आपण पैसे भरतो, सिनेमा 'माझी लायब्ररी'त दिसू लागतो. 'डाउनलोड' केला तरी तो त्या ॲपच्या कुलपातच राहतो. त्याची चावी कंपनीकडे आणि कंपनीची चावी निर्मात्याशी झालेल्या करारात. २००९ मध्ये ॲमेझॉननं किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या हातातल्या यंत्रातून परस्पर पुसल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते हे उशिरा कळलं म्हणून. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पुसलेल्या पुस्तकांपैकी एक होतं '१९८४', नको असलेला मजकूर भट्टीत टाकणाऱ्या सरकारचं. २०२२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवण्यात आलं की स्टुडिओकॅनालचे त्यांनी विकत घेतलेले सिनेमे ऑगस्टअखेर त्यांच्या लायब्ररीतून जातील.

तबकडीच्या बाबतीत हे होऊ शकत नाही, कारण ती परत न्यायला कोणी घरात शिरत नाही. ती शेजाऱ्याला देता येते, त्याच्याकडून परत मागता येते, बहुतेक वेळा परत मिळतही नाही, पण तो वाद तुमचा आणि शेजाऱ्याचा. अमेरिकेत १९०८ च्या एका पुस्तकाच्या खटल्यापासून हे मान्य आहे की एकदा प्रत विकली की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाला बोट ठेवता येत नाही. मग रेडिजी नावाच्या कंपनीनं वापरलेली एमपीथ्री गाणी विकायचं दुकान काढलं. २०१८ मध्ये वरच्या कोर्टानंही ते चूक ठरवलं. कारण ऐकण्यासारखं आहे. पुस्तक दुसऱ्याला देताना पुस्तक हलतं. फाइल देताना फाइल हलत नाही, तिकडे नवी प्रत तयार होते आणि इकडची पुसली जाते. नवी प्रत काढण्याचा हक्क तुम्ही विकतच घेतलेला नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगितल्याशिवाय अंकीय मालाला 'विकत घ्या' म्हणता येत नाही. या कायद्यातून सूट आहे ती ग्राहकाला कायमची उतरवून घेता येईल आणि इंटरनेटशिवाय चालेल अशा मालाला. म्हणजे फाइल आणि परवानगी यांच्यातला फरक कायद्यालाही दिसला. भांडण तबकडी विरुद्ध डाउनलोड असं लावलं जातं. मला ते हातातली प्रत विरुद्ध दुसऱ्याच्या हातातली दोरी असं वाटतं, आणि त्यात फाइल तबकडीच्या बाजूला बसते.

तबकडीला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. कुलपं तिच्यातही होती. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले होते. भारत पाचव्यात, अमेरिका पहिल्यात. दादरहून न्यू जर्सीला नेलेली मराठी सिनेमाची डीव्हीडी तिकडच्या प्लेअरनं नाकारावी ही गंमत त्यातलीच. परदेशातल्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी मग 'ऑल रीजन' तबकड्या काढल्या. आणि तबकडी वाजवायला यंत्र लागतं. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो.

चित्राच्या दर्जात मात्र तबकडी अजून पुढे आहे. ४के सिनेमासाठी नेटफ्लिक्सला सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरतं. ४के ब्लू-रे शंभरच्या वर जाते. धूर, पाऊस, काळोखातली गर्दी अशा दृश्यांत फरक डोळ्यांना कळतो. बाकीच्या वेळी, खरं सांगायचं तर, मला कळत नाही.

आत्याची डीव्हीडी मी पुण्याला आणली. माझ्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हनं ती ओळखलीच नाही. शेजारच्या काकांचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. एकानं नाकारलेली तबकडी दुसरा ड्राइव्ह वाचतो, असं पुष्कळदा होतं. प्रत्येकाच्या लेसरची नजर थोडी वेगळी असते. वेग सगळ्यात कमी ठेवला आणि बिघडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारं सॉफ्टवेअर लावून दिलं. ड्राइव्ह खर्र खर्र करत रात्रभर तिथंच घुटमळत राहिला. सकाळी हिशेब आला : चौथ्या पावलाचा थोडा भाग आणि विहिणींच्या पंगतीची काही मिनिटं गेली, बाकी सगळं हाती लागलं.

दादाला फोन केला. "भारी! व्हॉट्सॲपवर टाक," तो म्हणाला. तिथं व्हिडिओ आणखी पिळून निघाला असता, म्हणून दोन पेन ड्राइव्ह भरले. एक त्याला, एक आत्याला. तिला नाशिकला जाऊन टीव्हीला लावून दाखवला. सगळं पाहून झाल्यावर तिनं तो उपसून हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "याच्यावर नाव कुठं लिहू?" जागा नव्हतीच. तिनं चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला, त्यावर बॉलपेननं तारीख घातली आणि तो त्याच काळ्या पाऊचमध्ये, जांभळ्या डीव्हीडीच्या खणात सरकवला. पेन ड्राइव्हमधला विद्युतभार वर्षानुवर्षं पडून राहिला की हळूहळू गळतो, हे सांगणं भाग होतं. दर दिवाळीच्या साफसफाईत हा एकदा लावून बघायचा आणि दर चार-पाच वर्षांनी नव्यावर उतरवून घ्यायचा, असं मी तिला म्हटलं.

"म्हणजे लोणच्यासारखं," आत्या म्हणाली. "अधूनमधून बरणी उघडून बघायची." डीव्हीडी मात्र तिनं टाकून दिली नाही.