एल.आर. चं काम काय? (एका युवती कार्यशाळेची गोष्ट)

मैत्रिणींनो, (आणि मित्रांनो, पान उलटू नका, तुमच्याही कामाचं आहे!)

नोटीस बोर्डवर 'युवती नेतृत्व कार्यशाळा, जळगाव, दोन दिवस' असं वाचलं की आपल्या मनात दोनच प्रश्न येतात. अटेंडन्स मिळणार का? आणि जेवण आहे का? दोन्हीचं उत्तर 'हो' होतं, म्हणून मी नाव दिलं. शिवाय मी कॉलेजची एल.आर., म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह! त्यामुळे जाणं भागच होतं.

आता एल.आर. काय करते? माझा वर्षभराचा अनुभव सांगते. पाहुणे आले की दारात रांगोळी, हातात पुष्पगुच्छ, आणि गॅदरिंगला साड्यांचा रंग ठरवणे. बस्स! यालाच नेतृत्व म्हणतात, अशी माझी समजूत होती.

सकाळच्या एस.टी.ने धुळ्याहून निघालो. पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचायला अडीच तास लागले. दारातच मराठी फॉर्म हातात आला. मी कॉन्व्हेंटवाली. 'सक्षमीकरण' हा शब्द दोनदा खोडून लिहिला. माझ्या शेजारी शिरपूरकडची एक मुलगी बसली होती, घरी अहिराणी बोलणारी. माझा चेहरा बघून म्हणाली, "कसाले घाबरस माय?" आणि माझा फॉर्म तिनेच भरून दिला. मला वाटत होतं की इंग्लिश येतं म्हणजे कॉन्फिडन्स असतो. पहिला धडा तिथेच मिळाला.

आपल्या भागातल्या कॉलेजांमध्ये 'युवती सभा' नावाचा उपक्रम चालतो, तो अनेकींना माहीत असेल. अशा कार्यशाळांचा साचा साधारण ठरलेला असतो : दीपप्रज्वलन, सत्कार, बीजभाषण, मग दोन-तीन व्याख्यानं आणि गटकार्य. दीपप्रज्वलन आणि सत्कारात पाऊण तास जातो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बीजभाषणात प्रतिभाताई पाटील येणारच! जळगावच्या मू. जे. कॉलेजच्या विद्यार्थिनी, टेबल टेनिसपटू, 1962 साली वयाच्या 27 व्या वर्षी जळगावमधून आमदार आणि 2007 साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. हे आपल्याला पाठ आहे. पण वक्त्या मॅडमनी एक वेगळी गोष्ट सांगितली, ती मला नवीन होती. जानेवारी 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या. विषय फक्त मुलींचं शिक्षण. पण चर्चेला बसल्यावर बायकांच्या लक्षात आलं की मुलीचं लग्न लहानपणीच होत असेल तर ती शाळेत राहणार कशी? मग त्यांनी बालविवाहाविरुद्धच्या कायद्याचा पाठपुरावा सुरू केला. 1929 मध्ये शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय किमान 14 ठरलं. म्हणजे परिषद भाषणांवर संपली नाही. एका प्रश्नाचा धागा ओढत बायका त्याच्या मुळापर्यंत गेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉल्ट कुठे दिसतो ते बघून थांबायचं नाही, तो कुठून येतो ते शोधायचं.

दुसरं सत्र एका डॉक्टर मॅडमचं. त्यांनी फळ्यावर फक्त एक आकडा लिहिला : 842. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे एवढ्याच मुली होत्या. राज्यात फक्त बीडची अवस्था याहून वाईट होती, 807. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 चा, म्हणजे तेव्हा तो होऊन सतरा वर्षं झाली होती! सभागृहात एकदम शांतता पसरली. आपण इथे बसलोय, म्हणजे आपण 842 पैकी आहोत, हे सगळ्यांना एकदमच जाणवलं असावं. नंतर हिमोग्लोबिन तपासलं. बाईचं 12 ग्रॅमच्या वर हवं. माझं 9.4 निघालं. लेक्चरला झोप येते ती फक्त सरांमुळे नाही, हे तेव्हा कळलं!

दुपारी भरीत-पुरी झाली. त्यानंतर झोप येणार असं वाटत होतं, पण वकील मॅडमनी येऊ दिली नाही. त्यांनी 1994 चं जळगावचं प्रकरण काढलं. आमच्या जन्माच्या आधीची गोष्ट, घरी तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. शाळा-कॉलेजच्या मुलींना जाळ्यात ओढून फोटोंच्या जोरावर धमकावलं गेलं होतं. तपासात मीरां चढ्ढा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकारी होत्या, तरी बदनामीच्या भीतीने मुली आणि त्यांच्या घरचे पुढे यायला कचरत होते. मॅडम म्हणाल्या, "तेव्हा कॅमेरा होता, आता मोबाईल आहे. धमकी तीच आहे. ती चालते तुमच्या गप्प बसण्यावर." मग त्यांनी साधी माहिती दिली. कोणाचे खाजगी फोटो परवानगीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार स्वतःचं नाव न देताही करता येते. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ठेवायचे, घाबरून डिलीट करायचे नाहीत.

पुढचा प्रश्न त्यांनी आम्हालाच विचारला. "तुमच्या कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष कोण?" ऐंशी मुलींपैकी सात हात वर आले. माझा नव्हता. एल.आर. असून!

ही समिती कुठून आली? 1992 मध्ये राजस्थानात भंवरीदेवी या साथिनीने एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, त्याचा सूड म्हणून तिच्यावर अत्याचार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा 'विशाखा' निकाल आला आणि त्यातून 2013 चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी समिती हवी. अध्यक्ष बाईच हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायला हवी. उद्या आपण पुण्याच्या एखाद्या कंपनीत लागलो की तिथेही हेच लागू. म्हणजे हा सिलॅबस इंडस्ट्रीला उपयोगी आहे, बाकीच्याबद्दल मी बोलत नाही!

दुसऱ्या दिवशी मला सगळ्यात आवडल्या त्या एका छोट्या गावच्या सरपंचताई. माईक हातात धरायला तयार नव्हत्या, पण नंतर सोडायला तयार नव्हत्या! 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. ताई म्हणाल्या, "पहिलं वर्ष सही माझी आणि बोलणं मालकांचं. मग मी ग्रामसभेआधी महिला सभा घेतली. कायद्यातच आहे ती. बायांनी तिथे ठरवलं, ग्रामसभेत मी फक्त वाचून दाखवलं." आणि त्यांनी एक मंत्र दिला : "तोंडी सांगू नका. अर्ज लिहा, दोन प्रती काढा, आवक शिक्का घ्या. पोच हातात असली की साहेबसुद्धा ताई म्हणतो."

शेवटी गटकार्य. चिठ्ठीत एक प्रश्न येणार आणि त्यावर अर्ज लिहायचा. आमच्या गटाच्या चिठ्ठीत होतं : 'रीडिंग रूम मुलांना रात्री दहापर्यंत, मुलींना सहापर्यंत.' मी हसले, कारण आमच्याकडे नेमकं हेच होतं. पण मग हसू थांबलं. दोन वर्षांत मला हा 'प्रश्न' वाटलाच नव्हता. मी फक्त सहा वाजता दप्तर भरून निघायची.

शिरपूरकर मैत्रिणीने मुद्दे सांगितले, मी लिहून घेतले. एक, नेमकी अडचण काय. दोन, किती जणींची (आकडा हवा, 'सगळ्यांची' चालत नाही). तीन, मागणी एकच. चार, समोरच्याची अडचण काय असेल आणि तिच्यावर उपाय काय. पाच, तारीख आणि सह्या. यात सगळ्यात अवघड चौथा. 'मुलींची जबाबदारी कोण घेणार?' हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर आधीच तयार हवं.

परत आल्यावर मी खरा अर्ज लिहिला. मराठीत! सह्या गोळा करताना काही मुली म्हणाल्या, "घरी कळलं तर?" त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. 43 सह्या झाल्या. उपाय असा लिहिला की हॉस्टेलच्या मुली गटाने परत जातील आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकतील. ऑफिसमध्ये पोच मागितली तेव्हा क्लार्क काका म्हणाले, "बेटा, याची काय गरज?" माझे पाय लटपटत होते, तरी म्हटलं, "काका, शिक्का द्या ना."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एका सत्रासाठी, प्रायोगिक तत्त्वावर, आठ वाजेपर्यंत. दहा नाही. मुलांचे दहा, आमचे आठ, हिशोब अजून जुळलेला नाही. पण दोन तास म्हणजे सबमिशनच्या दिवसांत काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

थोडक्यात काय, तर अशा कार्यशाळेला जरूर जा. टाळ्या वाजवून आणि सर्टिफिकेट घेऊन परत येऊ नका. येताना स्वतःच्या कॉलेजचा एक प्रश्न घेऊन या, आणि जाण्याआधी तक्रार समितीच्या अध्यक्षांचं नाव पाठ करा. (ते आता आपल्या नोटीस बोर्डवर लावलंय, जाता-येता वाचा.)

पुढच्या वर्षी एल.आर. कोणीतरी दुसरी असेल. तिला माझ्याकडून रांगोळीचे डबे मिळतीलच. त्यांच्यासोबत एक फाईल पण देणार आहे. त्यात सध्या एकच कागद आहे, शिक्का मारलेला.