हिपॅटायटिस बी : रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका!

मालवण : रक्तदान शिबिर, ऑपरेशनपूर्वीची तपासणी, गरोदरपणातली तपासणी किंवा आखाती देशात नोकरीला जाताना केलेलं मेडिकल. हिपॅटायटिस बी असल्याचं अनेकांना असंच अचानक कळतं, कारण हा आजार वर्षानुवर्षं काहीच त्रास देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा आजार होता.

गोळी सगळ्यांना लागते का?
नाही. सहा महिन्यांनंतरही रक्तात विषाणू सापडला, तर आजार जुनाट समजतात. मग लिव्हरची तपासणी, सोनोग्राफी आणि रक्तात विषाणू किती आहेत ते बघून डॉक्टर ठरवतात. गोळी नसली तरी वेळोवेळी तपासणी हवीच.

गोळी काय करते?
टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही गोळी रोज एक घ्यायची असते. ती विषाणूची वाढ रोखते, त्यामुळे लिव्हर खराब होण्याचा आणि कॅन्सरचा धोका कमी होतो. पण विषाणू मुळासकट जात नाही. शेतातला लव्हाळा वरून कापला तरी खाली गाठ राहते, तसंच हे.

"रिपोर्ट नॉर्मल इलो, आता गोळी कित्याक व्हयी?" इथेच घात होतो. रिपोर्ट नॉर्मल आहे तो गोळीमुळे. ती मध्येच सोडली तर विषाणू उसळतो, लिव्हर निकामी होऊन जीवावरही बेतू शकतं. म्हणून होडीवर जाताना, गणपतीला मुंबईहून गावी येताना गोळ्या पुरेशा सोबत ठेवा. टेनोफोविर चालू असेल तर किडनीची तपासणीही करत राहा.

काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन ही गोळी सोडू नका. दारू पूर्ण बंद.

घरच्यांनी काय करावं?
एकत्र जेवल्याने, एका ताटात खाल्ल्याने हा आजार पसरत नाही. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. दाढीचं ब्लेड, टूथब्रश वेगळा ठेवा. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून लस घ्या. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस द्यायलाच हवी.

खर्च किती?
२८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जुने रिपोर्ट घेऊन ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. गोळी सुरू करणं असो की थांबवणं, डॉक्टरांना विचारूनच.